क्लॅरेन्सच्या नावाची नळी

लेफ्सच्या शनिवारी हाउग्रुडांच्या घरात कोणी कोणाशी गोड वागत नसे. वेळच नसे. चाळीस पौंड बटाटे आदल्या दिवशी उकडून, दाबून, लोणी आणि साय घालून मागच्या पडवीत गार करायला ठेवलेले असत आणि सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत त्यांच्या लेफ्स, म्हणजे नॉर्वेजियन पातळ पोळ्या, लाटून, भाजून, चौघडी घालून संपवायच्या असत. त्यामुळे मार्लिसने दारातच आर्डिसचा कोट उतरवून घेतला, तिला उशी घातलेली खुर्ची पुढे केली आणि “आज दमू नकोस हं” असं म्हटलं, तेव्हा आर्डिस बसायचंच विसरली. मार्लिस तिची भावजय. चव्वेचाळीस वर्षांत तिने आर्डिसचा कोट एकदाही उतरवून घेतला नव्हता.

त्यात फार्गोहून गाडी हाकत आलेल्या भाचीने, कर्स्टिनने, तिला मिठी मारली आणि ती सोडायला नेहमीपेक्षा बराच वेळ लावला. कर्स्टिनचा बाप, म्हणजे आर्डिसचा धाकटा भाऊ व्हर्लिन, लांब चपटी काठी घेऊन तव्यापाशी उभा होता. त्याने वर न बघता “आलीस?” असं तव्याला विचारलं. फक्त बोर्गहिल्ड आत्या जशीच्या तशी होती. ती चौऱ्याण्णव वर्षांची, एका कानाने ठार बहिरी, टेबलाच्या टोकाशी बसून भाजलेल्या लेफ्सच्या घड्या घालत होती आणि पहिलीच जाड झाल्याचं सर्वांना ऐकवत होती.

“कळलं यांना,” आर्डिसच्या मनात आलं. तिने उशी बाजूला काढून ठेवली, बाह्या सारल्या आणि लाटायला घेतलं. हात चालू असले की तोंडावर काही दिसत नाही, हा तिचा सत्तर वर्षांचा अनुभव होता.

हे सगळं ईस्टरला सुरू झालं. कर्स्टिनने सवलतीत मिळाल्या म्हणून डीएनए तपासणीच्या चार नळ्या आणल्या. आपलं घराणं अमेरिकेत कुठून आलं ते कळेल, म्हणाली. घराणं कुठून आलं ते व्हर्लिनला तारीखवार माहीत होतं. गेली सहा वर्षं तो त्याचं पुस्तकच लिहीत होता. पण फुकट आलेली नळी परत करायची रीत त्या घरात नव्हती. थुंकायच्या आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, असं डबीवर लिहिलेलं. जागेपणी अर्धा तास कॉफीशिवाय राहायची वेळ व्हर्लिनवर आयुष्यात प्रथमच आली. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसून राहिला. बोर्गहिल्ड आत्याच्या तोंडाला पाणीच सुटेना. तिची नळी जेवणानंतर सुरू झाली ती संध्याकाळच्या हवामानाच्या बातम्यांपर्यंत भरत होती.

जूनमध्ये निकाल आले. व्हर्लिन एक्याऐंशी टक्के नॉर्वेजियन निघाला आणि एकोणीस टक्के स्वीडिश. गावातल्या नॉर्वेजियन मंडळाचा तो एकोणीस वर्षं अध्यक्ष. वर्षाला एक टक्का, असं कोणीतरी मंडळात म्हणालं, आणि त्या माणसाशी तो अजून बोलत नव्हता. पुढे ऑक्टोबरात कंपनीने आपला अंदाज सुधारला. व्हर्लिन होता त्याच खुर्चीत बसल्या बसल्या अठ्ठावन्नावर आला आणि वर नऊ टक्के फिनिश झाला. त्याने कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं. अंदाज हा अंदाजच असतो, असं एका ओळीत उत्तर आलं.

आर्डिसने सांगितलं, माझी नळी वाटेत गळली, निकाल आलाच नाही. ही थाप होती. निकाल अकरा जूनला आला होता. टक्क्यांच्या पानाशी ती थांबलीसुद्धा नाही, कारण पुढच्या पानावर नातेवाइकांची यादी होती आणि त्यात पहिलं नाव व्हर्लिन हाउग्रुड असं होतं. नावापुढे लिहिलं होतं, सावत्र भावंड. बोर्गहिल्ड आत्याचं, बाबांच्या सख्ख्या बहिणीचं, नाव त्या यादीत कुठेच नव्हतं.

आर्डिसने एकतीस वर्षं दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत काढली होती. कुणाच्या दुधाला फॅट कमी लागली तर लगेच त्या शेतकऱ्याच्या अंगावर जायचं नसतं. आधी आपली बाटली, आपली चिठ्ठी, आपला हात तपासायचा आणि दुसरा नमुना घ्यायचा. तिने तेच केलं. पहिल्यांदा तिने ‘माझं नाव नातेवाइकांना दिसू द्यावं’ या ओळीपुढची खूण काढून टाकली, म्हणजे ती व्हर्लिनच्या यादीत जाणार नाही. मग दुसरी नळी मागवली. त्याच नावाने दुसऱ्यांदा मागवली तर विचारपूस होईल म्हणून तिने नवऱ्याचं नाव घातलं, क्लॅरेन्स मोएन. क्लॅरेन्सला जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण त्याचा ईमेल अजून चालू होता. त्यावर मासेमारीच्या सामानाच्या जाहिराती येत आणि त्या बंद करायला तिचं मन होत नसे. स्त्री की पुरुष असं विचारलं होतं तिथे तिने स्त्री असं लिहिलं. तपासणीच्या कागदावर खोटं लिहायचं नाही, ही नोकरीतली सवय. नाव खोटं आहे हे तिला जाणवलंच नाही, ते इतकं घरातलं होतं.

ऑगस्टमध्ये क्लॅरेन्सचा निकाल आला. दोन्ही निकाल शेजारी ठेवले तर तो आर्डिसचा जुळा निघाला आणि व्हर्लिनचं सावत्र भावंड. टक्के नंतरही वरखाली होत राहिले, पण व्हर्लिनशी जुळणारा आकडा दोन्ही नळ्यांत सारखाच होता, आणि जो आकडा दुसऱ्या नमुन्यात तसाच येतो तो खरा, हे आर्डिस जन्मभर लोकांना सांगत आली होती. आता ते तिला स्वतःला सांगावं लागलं.

ती घाबरली होती. बाबा आपले नव्हते, हे दुःख होतंच, ते ती रोज सकाळी कॉफीबरोबर गिळत होती. पण भीती निराळी होती. व्हर्लिनला कळलं तर तो तिच्याशी सभ्यपणाने वागायला लागेल, ही ती भीती. त्या गावात सभ्यपणा परक्यांसाठी असतो. आपल्या माणसाला कोणी खुर्ची देत नाही, त्याने ती स्वतः ओढून घ्यायची असते.

म्हणून आज ती उशी बघून तिने धसका घेतला होता.

दहा वाजेपर्यंत सगळे टक्क्यांवरच बोलत राहिले. फिनलंडचा माणूस घराण्यात शिरायला वाटच नाही, असं व्हर्लिनचं म्हणणं, कारण वाटेत स्वीडन आहे. मार्लिसला वाटत होतं की नळी पोस्टात तापली असेल. मार्लिस स्वतः जर्मन. तिने थुंकायलाच नकार दिला होता, आम्हाला माहीत आहे आम्ही कोण ते, म्हणून. आर्डिस लाटत होती आणि वाट बघत होती. तिला कोणीच काही विचारत नव्हतं. कर्स्टिनने मात्र न मागता तिच्यापुढे कॉफी आणून ठेवली, दोन वेळा.

मग मार्लिस पिठाचा नवा गोळा द्यायला जवळ आली आणि तिथेच उभी राहिली.

“मी काल व्हर्लिनला म्हटलं,” ती हलक्या आवाजात म्हणाली, “तुला नि क्लॅरेन्सला मूलबाळ झालं नाही, ते एका परीने बरंच झालं. देवाने बघूनच केलं असेल.”

आर्डिसचं लाटणं थांबलं. तिला तीनदा दिवस गेले होते आणि तिन्ही वेळा ते टिकले नव्हते. त्यानंतर त्या विषयावर घरात कोणी अवाक्षर काढलं नव्हतं, मार्लिसने तर नाहीच.

“काय बघून?” आर्डिसने विचारलं.

मार्लिसने कर्स्टिनकडे पाहिलं. कर्स्टिनने बापाकडे पाहिलं. व्हर्लिनने एकदा उलटलेली लेफ्स पुन्हा उलटली.

“आत्या,” कर्स्टिन म्हणाली, “क्लॅरेन्सकाकांनी कधी अशी नळी भरली होती का? जायच्या आधी?”

क्षणभर आर्डिसला फक्त स्वतःचा राग आला. पहिल्या वेळी काढलेली ती खूण दुसऱ्या वेळी काढायची राहून गेली होती. डेअरीत असं झालं असतं तर तिने मुलींना फैलावर घेतलं असतं.

कर्स्टिनने फोन पुढे केला. बापाच्या फिनिश टक्क्यांचं काय करता येईल ते बघायला तिने तीन आठवड्यांपूर्वी त्याचं खातं उघडलं होतं, तर यादीत हे. क्लॅरेन्स मोएन, सावत्र भावंड. मेलेला माणूस थुंकला कसा, याचाही त्यांनी विचार केला होता. क्लॅरेन्सकाका सगळं फ्रीझरमध्ये ठेवायचे, मासे, गळाला लावायचं आमिष, औषधाच्या बाटल्या. जुनी भरलेली नळी आर्डिसला सापडली असेल आणि वाया जाऊ नये म्हणून तिने पाठवली असेल, असं ठरलं होतं. हे इतकं क्लॅरेन्ससारखं होतं की आर्डिसलाही पळभर ते पटलं.

“म्हणजे आजोबांचा...” कर्स्टिनने सुरुवात केली आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

“थेल्मा मोएन शेजारच्याच शेतावर राहायची,” व्हर्लिन तव्याला म्हणाला.

थेल्मा म्हणजे क्लॅरेन्सची आई. तिने चर्चमध्ये चाळीस वर्षं ऑर्गन वाजवला आणि त्या चाळीस वर्षांत मागे वळून बाकांकडे एकदा पाहिलं नाही. आता आर्डिसला सगळं उलगडलं. या स्वयंपाकघरात बोर्गहिल्ड आत्या सोडून बाकी तिघं तीन आठवडे असं धरून चालली होती की आर्डिस एकोणचाळीस वर्षं सावत्र भावाशी संसार करत होती, आणि ते तिला माहीत नाही. कोट, उशी, कॉफी, सगळं त्यासाठी होतं.

गप्प बसायचं म्हटलं तर फार सोपं होतं. बाबा गेलेले, थेल्मा गेलेली, क्लॅरेन्स गेलेला. तक्रार करायला कोणी येणार नव्हतं. आर्डिस हाउग्रुडच राहिली असती, उलट नवराही हाउग्रुडच ठरल्यामुळे जरा जास्तच. पण मग बाबांची मुलगी राहण्यासाठी बाबांना शेजारणीकडे जाणारा माणूस ठरवावं लागत होतं. आणि क्लॅरेन्स, ज्याने स्वतःच्या घरातही केकचा दुसरा तुकडा विचारल्याशिवाय कधी घेतला नाही, त्याला या यादीत असं ठेवून द्यावं लागत होतं. तिने हात पुसले.

“ती नळी माझी आहे,” ती म्हणाली. “मीच थुंकले. नाव त्याचं घातलं.”

व्हर्लिनने प्रथमच तिच्याकडे पाहिलं. “तू क्लॅरेन्स म्हणून थुंकलीस.”

“हो.”

“कशाला?”

“दुसरा नमुना घ्यायचा असतो. पहिल्यात आलं ते मला खरं वाटेना.” आर्डिसला आता थांबायचं नव्हतं, थांबली असती तर पुढचं निघालं नसतं. “क्लॅरेन्सचं तुझ्याशी काही नातं नाही. सावत्र आहे ती मी आहे. आई तीच. बाबा माझे नाहीत. बोर्गहिल्ड आत्या माझ्या यादीत नाहीच.”

तव्यावरची लेफ्स करपायला लागली होती. मार्लिसने व्हर्लिनच्या हातातली काठी काढून घेतली आणि ती खाली उतरवली. आपलं नाव निघालं एवढं बोर्गहिल्ड आत्याला कळलं होतं.

“काय म्हणतेय ती?” तिने विचारलं.

कर्स्टिन उठली, आत्याच्या चांगल्या कानाशी गेली आणि आर्डिस ओलाफ आजोबांची मुलगी नाही, हे तिने दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी आवाज इतका चढला की समोर पानं गोळा करणारा शेजारी थांबून खिडकीकडे बघू लागला.

बोर्गहिल्ड आत्याने हातातल्या लेफ्सची घडी घातली, मग घडीची घडी घातली.

“ओलाफ एप्रिलात आला लष्करातून,” ती म्हणाली. “लग्न जूनमध्ये. केक मी केला होता.”

“आणि मी नोव्हेंबरची,” आर्डिस म्हणाली.

जून ते नोव्हेंबर हा हिशोब सगळ्या गावाने त्याच वर्षी केला होता आणि तो बाबांच्या नावावर मांडला होता. पास्टरने त्यांना बोलावून झापल्याचंही आर्डिसला ठाऊक होतं. एप्रिल ते नोव्हेंबर सातच महिने होतात, पण त्याआधी फेब्रुवारीत बाबा रजेवर आले होते, आई तेव्हा मायनॉटला हॉटेलात कामाला होती, तिथे तिला भेटले होते. हे घरात सर्वांना माहीत होतं, कारण बाबांनीच ते सांगितलं होतं.

“रजा कसली,” बोर्गहिल्ड आत्या म्हणाली. “फेब्रुवारीत तो जर्मनीत होता. मला पत्रं यायची तिथून. बर्फ फार आहे म्हणून.”

“मग बाबांना माहीत होतं,” व्हर्लिन म्हणाला, आणि आत्याला ऐकू गेलं नाही म्हणून त्याने ते पुन्हा म्हटलं.

“ओलाफला मोजता येत होतं,” आत्या म्हणाली. तिने पुढची लेफ्स ओढून घेतली. तिच्या दृष्टीने यात नवीन काही नव्हतं.

व्हर्लिन टेबलापाशी येऊन बसला. त्याच्या अंगावर मंडळाचा विणलेला स्वेटर होता आणि त्याला पीठ लागलं होतं. ते पीठ तो बघत होता, तेवढ्या वेळात आर्डिसने मनातल्या मनात आपला कोट घालून, गाडी काढून घर गाठलंसुद्धा.

“म्हणजे क्लॅरेन्सचं काही नाही,” तो अखेर म्हणाला.

“नाही.”

“थेल्माचंही नाही.”

“नाही.”

“तीन आठवडे मला झोप नाही,” व्हर्लिन म्हणाला. “तुला कोणत्या तोंडाने सांगायचं तेच कळेना. मार्लिस म्हणाली पास्टरला विचारू. मी म्हटलं, नको.”

“मग काय ठरलं?”

“सांगायचं नाही असं ठरलं. उशी द्यायची ठरलं.”

मार्लिस तव्याकडे तोंड करून उभी होती. मघाशी मुलांबद्दल जे बोलले ते परत घेता आलं तर घेते, असं ती म्हणाली. आर्डिसने मान हलवली. ते नंतर केव्हातरी बघू, इतकाच त्याचा अर्थ होता.

“व्हर्लिन,” ती म्हणाली, “मी बाबांची नाही.” मघाशी तिने ते तपासणीचा निकाल वाचून दाखवावा तसं सांगितलं होतं. आता ते तिच्याच आवाजात बाहेर पडलं आणि पडताना फाटलं. तिला त्याची लाज वाटली.

व्हर्लिनने स्वेटरवरचं पीठ झटकलं. ते आणखी पसरलं.

“शेवटच्या वर्षी बाबा वृद्धाश्रमात होते,” तो म्हणाला, “तेव्हा मी दर रविवारी जायचो. आठवतं?”

“आठवतं. प्रार्थना झाली की जायचास.”

“दर रविवारी मला विचारायचे, तू कोणाचा मुलगा रे? मी म्हणायचो, तुमचा. ते म्हणायचे, छे, मला मुलगा नाही. मला एक मुलगी आहे. डेअरीत असते. पाचला येते.”

मार्लिसने त्याच्याकडे ज्या तऱ्हेने पाहिलं त्यावरून हे तिलाही आजच कळत होतं.

“मग आम्ही दोघं पाच वाजायची वाट बघत बसायचो,” व्हर्लिन म्हणाला. “तू यायच्या आधी मी निघायचो. तू आलेली बघून त्यांचा चेहरा कसा व्हायचा, ते मला बघायचं नव्हतं.”

आर्डिसने एक खुर्ची ओढून घेतली आणि त्याच्यासमोर बसली.

“तुला कधी विचारलं?” त्याने विचारलं. “तू कोणाची म्हणून?”

“नाही,” आर्डिस म्हणाली. “कधीच नाही.”

“मग झालं,” व्हर्लिन म्हणाला.